ठिणगीचा बंदोबस्त

घरातल्या दिव्याचे बटण दाबताना कधी कधी त्याच्या पोटात निळसर ठिणगी चमकते. आपण तिकडे लक्ष देत नाही, आणि देण्याचे कारणही नसते. पण हेच बटण पेट्रोलच्या पंपापाशी, स्पिरिट गाळणाऱ्या कारखान्यात किंवा कोळशाच्या खाणीत असेल, तर त्या ठिणगीची किंमत माणसांच्या प्राणांत मोजावी लागते. मोटार चालू करणे आणि बंद करणे हे विजेच्या कामांतले अगदी साधे काम. पण स्फोटक हवेत ते निर्धास्तपणे कसे करावे हे शिकायला माणसाला पुष्कळ काळ लागला, आणि त्या शिक्षणाची फी फार जबर पडली. त्याची हकिगत आज आम्ही आपणांपुढे ठेवणार आहोत.

ही हकिगत विजेच्या आधी सुरू होते. कोळशाच्या थरांत मिथेन नावाचा वायू कोंडलेला असतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. हवेत त्याचे प्रमाण साधारण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान आले की एखादी ज्योत स्फोटाला पुरते. 25 मे 1812 रोजी इंग्लंडच्या उत्तरेस फेलिंग येथील खाणीत असा स्फोट झाला आणि 92 पुरुष व मुले मृत्युमुखी पडली. यानंतर तीन वर्षांनी, 1815 मध्ये, हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने या प्रश्नाला हात घातला. अरुंद वाटेतून जाताना ज्योतीची उष्णता धातू शोषून घेतो आणि ज्योत विझते, हे त्याने ओळखले. म्हणून त्याने दिव्याभोवती बारीक तारांची जाळी बसवली. वायू आत शिरला तरी तो आतच जळे, बाहेरच्या वायूला आग पोहोचत नसे. या दिव्याचे पेटंट डेव्हीने घेतले नाही, ही त्याची थोरवी. पण दिवा आला म्हणून अपघात थांबले नाहीत. पूर्वी ज्या वायुमय भागात जायला कोणी धजत नसे, तेथे आता माणसे पाठवली जाऊ लागली. एखादी जाळी फाटकी निघाली, की जुने संकट पुन्हा समोर उभे राही. साधन सुधारले की माणूस लगेच धोक्याच्या दिशेने एक पाऊल पुढे टाकतो, हा अनुभव आपणांस पुढेही येणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वीज खाणीत उतरली. पंप, कोळसा कापणारी यंत्रे, वाहतुकीचे दोर, सारे मोटारीवर फिरू लागले. पण स्विच उघडताना संपर्काच्या दोन टोकांमध्ये ठिणगी पडते, आणि मोटारीच्या ब्रशांखालीही ती पडते. प्रथम वाटणारा उपाय असा, की सगळे एका हवाबंद पेटीत घालावे. तो टिकत नाही. मोटार तापली की आतली हवा फुगून बाहेर पडते, आणि मोटार निवली की बाहेरची हवा, वायूसकट, आत ओढली जाते. जर्मनीत गेल्सनकिर्शेन येथे बायलिंग या खाण-अभियंत्याने 1906 च्या सुमारास प्रयोगांनी वेगळी वाट दाखवली. वायू आत येणारच हे त्याने धरून चालले. आत स्फोट होईल, तोही होऊ द्यावा. फक्त पेटी इतकी भक्कम असावी की ती फुटू नये, आणि झाकणाच्या सांध्याची कड इतकी रुंद व फट इतकी बारीक असावी की बाहेर निघणारा तप्त वायू वाटेतच निवावा. आज ज्याला आपण फ्लेमप्रूफ म्हणतो ते हेच. डेव्हीच्या जाळीचेच तत्त्व येथे लोखंडात ओतले गेले.

मोठ्या ठिणगीचा बंदोबस्त झाला, पण लहान ठिणगीकडे कोणी पाहिले नव्हते. वेल्समधील सेंगेनिध येथील खाणीत खुणेच्या घंटा बॅटरीवर वाजत. दोन उघड्या तारा एकमेकींना टेकवल्या की घंटा होई. एवढ्या थोड्या व्होल्टचे काय भय, अशी समजूत होती. 14 ऑक्टोबर 1913 रोजी तेथे स्फोट झाला. 439 खाणकामगार आणि सुटकेसाठी उतरलेला एक जण असे 440 जीव गेले. कारण निर्विवादपणे ठरले नाही, पण संशयितांत या घंटेची ठिणगी होती. आणखी एक गोष्ट उघडकीस आली. हवेचा प्रवाह उलटा फिरवता येईल अशी पंख्यांची सोय 1911 च्या कायद्याने सक्तीची केली होती. तिची मुदत टळली होती, वाढवून दिलेली मुदतही टळली होती, आणि काम अपुरेच होते. पुढे खटला होऊन व्यवस्थापकाला 24 पौंड आणि कंपनीला 10 पौंड दंड झाला. मृत कामगारांच्या संख्येने भागले तर माणशी दोन शिलिंगही पडत नाहीत.

त्यानंतर थॉर्नटन व व्हीलर या संशोधकांनी घंटेच्या ठिणगीचा नीट अभ्यास केला. वायू पेटतो की नाही हे केवळ व्होल्टवर अवलंबून नाही, हे त्यांनी दाखवून दिले. घंटेच्या तारेच्या वेटोळ्यात ऊर्जा साठलेली असते. मंडल तुटताच ती एकदम ठिणगीत उतरते. ती ऊर्जा दुसरीकडे जिरवली, तर ठिणगी पडते खरी, पण तिच्या अंगी वायू पेटवण्याचे बळ उरत नाही. या दोन शोधांच्या मिलाफातून मोटारीचे आजचे नियंत्रण घडले. जोराचा प्रवाह तोडणारा स्विच भक्कम पेटीत, यंत्रापासून दूर राहतो. यंत्रावरच्या माणसाच्या हाताशी असते ते केवळ एक बटण, आणि त्यातून धावणारा प्रवाह दुबळा असतो. ती बारीक तार तुटली तर मोटार आपोआप थांबते.

आपल्या देशात 1956 मध्ये धनबाद येथे खाणसंशोधनाचे केंद्र निघाले, आणि अशा पेट्यांची परीक्षा तेथे होऊ लागली. आज स्फोटक जागी बसवायच्या मोटारीवर व स्विचवर प्रमाणपत्राचा शिक्का असतो. पण शिक्का पेटीवर असतो, तो फिटरच्या हातावर नसतो. दुरुस्तीनंतर आठ बोल्टांपैकी सहाच आवळले, सांध्यावर रंग फासला, धूळ जाऊ नये म्हणून मध्ये रबर घातले, की शंभर वर्षांची विद्या त्या एका फटीतून निघून जाते. घाईची पाळी असते, दोन बोल्ट सापडत नसतात, आणि वरिष्ठ म्हणतात, "राहू दे, चालवा."

धोका नाहीच असे मानणाऱ्यांनी माणसे गमावली. धोका आहे असे धरून त्याची मर्यादा मोजणाऱ्यांनी ती वाचवली. म्हणून आमचे एवढेच मागणे, की "चालवा" म्हणणाऱ्याला "थांबा" म्हणणारा फिटर आपल्या कारखान्यात निर्भयपणे उभा राहू शकेल अशी व्यवस्था आपण करावी. ठिणगीचा शेवटचा बंदोबस्त त्याच्याच हाती आहे.