कौल गाण्याचा आणि कौल माणसांचा

गायकाची योग्यता कोणी ठरवावी, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. संस्थानी काळात तो बहुधा दरबारात सुटत असे. ग्वाल्हेरची गायकी शिंद्यांच्या आश्रयाने वाढली. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी उस्ताद फैयाज खाँ यांना दरबारगायकाचा मान दिला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची विद्या महाराष्ट्रात नेली आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून ती सामान्य घरांपर्यंत पोहोचवली. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने तर ‘वन्स मोअर’ची आरोळी देऊन निवाड्याचा अधिकार आपल्या हाती घेतलाच होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभी दूरचित्रवाणीच्या स्पर्धांनी तो अधिकार भ्रमणध्वनीच्या संदेशात आणून ठेवला.

‘इंडियन आयडॉल’ या स्पर्धेचे पहिले पर्व ५ मार्च २००५ रोजी संपले. मुंबईच्या अभिजित सावंत याने भिलाईच्या अमित सानाला मागे टाकले, तेव्हा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांनाही आनंद झाला. त्या आनंदात सुरांचा वाटा किती आणि आडनावाचा किती, हे वेगळे काढणे अवघडच. मात्र या प्रश्नाचे गांभीर्य खऱ्या अर्थाने दिसले ते दोन वर्षांनी, तिसऱ्या पर्वात. आणि तेही आपल्यापासून दूर, हिमालयाच्या पायथ्याशी.

त्या पर्वाच्या अंतिम फेरीत दोघे उरले होते. प्रशांत तामांग हा दार्जिलिंगचा नेपाळीभाषक तरुण. वडील पोलीस खात्यात होते. त्यांच्या अपघाती मृत्यूनंतर शिक्षण सोडून तो कोलकाता पोलिसांत शिपाई झाला आणि खात्याच्या वाद्यवृंदात गाऊ लागला. दुसरा अमित पॉल, शिलाँगचा बंगाली तरुण. अनेक श्रोत्यांना अमित अधिक तयारीचा वाटे. प्रशांतच्या आवाजातील साधेपणा मनाला भिडतो, असे इतरांचे मत होते. २३ सप्टेंबर २००७ रोजी निकाल लागला आणि प्रशांत विजयी झाला. सुमारे ७ कोटी मते पडल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. योग्य गायक हरला, प्रदेशाने आपला माणूस निवडून आणला, अशी तक्रार लगेच सुरू झाली.

ही तक्रार अगदीच निराधार नव्हती. एका व्यक्तीला कितीही वेळा मत देता येई आणि प्रत्येक संदेशाला पैसे पडत. दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात चाहत्यांची मंडळे निघाली, वर्गण्या जमल्या, संदेश पाठवण्याची मोहीमच उभी राहिली. अशा मोजणीला जनमत म्हणता येत नाही. फार तर उत्कटतेचे मोजमाप म्हणावे. परंतु ही उत्कटता कोठून आली, हे पाहिल्याविना केवळ नाक मुरडणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही.

दार्जिलिंगच्या गोरख्यांना ‘तुम्ही नेपाळचे’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या ऐकावे लागले होते. सुभाष घिसिंग यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात शेकडो माणसे बळी पडली, तेव्हा कोठे १९८८ मध्ये पर्वतीय परिषद मिळाली. नेपाळी भाषेला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळण्यास १९९२ साल उजाडले. त्याच घटनादुरुस्तीने कोंकणी आणि मणिपुरीलाही ते स्थान मिळाले, हे गोव्याच्या वाचकांस स्मरत असेल. अशा समाजाचा एक पोलीस शिपाई साऱ्या देशासमोर हिंदी गाणी गातो आणि देश त्याला ऐकतो, यात त्या लोकांना आपल्या भारतीयत्वाची पोचपावती दिसली.

शिलाँगची कथाही तितकीच बोलकी आहे. १८७४ पासून ते आसामच्या कारभाराचे ठाणे होते. कचेऱ्यांतील नोकरीच्या निमित्ताने सिल्हेट व इतर भागांतून बंगाली कुटुंबे तेथे स्थिरावली. आपले पूर्वज ज्या वाटेने इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे गेले, त्याहून ही वाट फार वेगळी नव्हे. परंतु १९७९ नंतर खासी आणि बंगाली समाजांत रक्तपात झाला आणि अनेक कुटुंबांनी पिढीजात घरे सोडली. त्याच शहरात २००७ साली खासी तरुणांनी एका बंगाली मुलासाठी मोहीम चालवली आणि मुख्यमंत्री डी. डी. लपांग यांनी त्याला शांतता व सलोख्याचा दूत म्हणून गौरविले. स्पर्धा हरूनही अमितने आपल्या शहराला जे दिले, ते करंडकात मावणारे नव्हते.

निकालानंतरच्या घटना मात्र खेदजनक ठरल्या. दिल्लीतील एका रेडिओ निवेदकाने गोरखे गाऊ लागले तर पहारा कोण देणार, अशा अर्थाची थट्टा केली. निषेधाचा मोर्चा २८ सप्टेंबरला सिलिगुडीत निघाला, दंगल उसळली, संचारबंदी लागली आणि लष्कराला पाचारण करावे लागले. घिसिंग या मोहिमेपासून दूर राहिले होते. तिच्यात पुढाकार घेणारे बिमल गुरुंग यांनी ७ ऑक्टोबर २००७ रोजी गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. पुढील वर्षी घिसिंग यांना पर्वतीय परिषदेचे पद सोडावे लागले. गुरुंग यांच्या उदयाची सारी कारणे एका स्पर्धेत शोधणे भाबडेपणाचे होईल. परंतु मंडळे, वर्गण्या आणि जागा झालेला अभिमान यांचा आयता पाया त्यांना मिळाला, हे नाकारता येत नाही.

मग प्रशांत विजयास पात्र होता काय? आमच्या मते येथे तीन प्रश्न एकत्र मिसळले गेले. स्पर्धेचे नियम सर्वांस ठाऊक होते आणि त्या नियमांनी तो जिंकला. त्याचा विजय वैध होता. गाणे कोणाचे सरस, हा रसिकांचा प्रश्न. त्यावर मतभेद राहणारच आणि ते राहावेत. अमितचे गाणे अधिक आवडलेल्या श्रोत्याने प्रशांतचा अवमान केला असे होत नाही. तिसरा प्रश्न मात्र त्या निवेदकाच्या थट्टेत दडलेला होता: या माणसाने गावेच कशाला? पहिल्या दोन प्रश्नांवर वाद घालण्याचा अधिकार सर्वांस आहे. तिसरा प्रश्न विचारण्याचा कोणासही नाही.

परप्रांतात पिढ्या घालवलेल्या आपल्या समाजाला हा भेद सहज उमगावा. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपुलकीने विचारला आहे की बाजूला सारण्यासाठी, हे आपल्याला स्वरावरून कळते. आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवांत आणि नाट्यस्पर्धांत निकालानंतर कुजबुज होते, तीही चालायचीच. सूर, ताल, शब्दोच्चार यांवर परीक्षकांना खुशाल जाब विचारावा. परंतु व्यासपीठावर चढलेल्या मुलाचे आडनाव, गाव वा घरची भाषा त्या चर्चेत आली, की ती चर्चा गाण्याची राहात नाही. आणि ते ज्येष्ठांनी तेथल्या तेथे सांगावे.