चित्रामागचा मजकूर

जुनी चित्रकार्डं जमवणारे बहुतेक जण चित्राला भुलतात, आणि ते स्वाभाविक आहे. पण कार्ड अल्बमला चिकटवलं की मागचा मजकूर कायमचा झाकला जातो, आणि माझ्या मते कार्डाचं खरं मोल त्या मजकुरातच आहे. हिंदुस्थानात सरकारी पोस्टकार्ड १८७९ साली पाव आण्यात मिळू लागलं. चित्रकार्डांची लाट विसाव्या शतकाच्या तोंडावर आली. सुरुवातीला कार्डाची एक बाजू केवळ पत्त्यासाठी राखलेली असे. म्हणून त्या काळातल्या कार्डांवर चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीत लिहायला सुरुवात होते, पट्टी संपली की अक्षर बारीक होतं, कडेने वर चढतं आणि थेट इमारतीवरच्या आकाशात शिरतं. ब्रिटनने १९०२ साली पत्त्याच्या बाजूला मजकुरालाही जागा दिली, अमेरिकेने १९०७ साली. त्यामुळे डाकेचा शिक्का पुसट असला तरी मजकूर कुठे लिहिलाय, यावरून काळाचा अंदाज बांधता येतो.

यावर म्हटलं जातं की मजकुरात असतं काय? सुखरूप पोचलो, हवा बरी आहे. खरं आहे, पण कार्ड उघडं, पोस्टमनपासून घरच्या नोकरापर्यंत कोणीही वाचावं असं. चारचौघांत काय बोलायला हरकत नव्हती, हे त्यातूनच कळतं. हॉटेलच्या चित्रातल्या एका खिडकीवर शाईची फुली मारून ‘ही माझी खोली’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा छापील चित्र एका माणसाचं होऊन जातं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चित्रकार म. वि. धुरंधरांनी कार्डांसाठी मुंबईची माणसं रंगवली. पण अशी कार्डं विलायतेला धाडणारे बरेचसे साहेबलोक होते, चित्रातल्या माणसाचा त्यात एक शब्द नाही. हे मान्यच करायला हवं. पण म्हणूनच मजकूर वाचायचा: नुसतं चित्र पाहिलं तर तीच मुंबई वाटते, मजकूर मात्र बघणारा कोण होता ते सांगतो. मराठी घरांची खुशाली, मनीऑर्डर पोचल्याची पोच, सुनेच्या बाळंतपणाची बातमी मात्र चित्रकार्डांवर नव्हे, बहुतांशी साध्या सरकारी कार्डांवर गेली. त्यातही मृत्यूची बातमी आणणारं कार्ड घरात ठेवायचं नाही, वाचून लगेच फाडायचं, अशी रीत होती. उरलेली तारेला टोचून ठेवत, आणि तार भरली की रद्दीत जात.