साडीतील मरियामाता

नॉर्वे देशातील हिलेस्ताद येथील लाकडी चर्चच्या दारावर सुमारे १२०० साली कारागिरांनी सिगुर्ड या लोकवीराची कथा कोरली. ख्रिस्ती झालेल्या त्या लोकांनी पूर्वजांची कथा टाकून दिली नाही. तिला मंदिराच्या दारी जागा दिली.

आपल्याकडे फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त प्रभूचे चरित्र मराठी ओवीत गायिले आणि भाविकांनी ते गोड मानले. चित्रकलेच्या वाट्याला मात्र हे भाग्य लवकर आले नाही. १९०२ साली गोव्यात जन्मलेले आंजेलो द फोन्सेका यांनी बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्याकडे शिक्षण घेतले. गोव्यात परतल्यावर त्यांनी मरियामातेला साडी नेसविली, तेव्हा स्वधर्मीयांनीच त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. अखेर पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आश्रय दिला. फादर हेरास यांनीही त्यांना उत्तेजन दिले. जी भाषा कानांस चालली, ती डोळ्यांस का खुपावी?

१९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उत्तर दिले : ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही, सर्व लोकांच्या कलेला तिच्यात आदराने वाव असावा. चार वर्षांनी, १९६७ साली, फोन्सेका निवर्तले. त्यांची अनेक चित्रे आज गोव्यातील पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. आपल्या घरच्या वेदीवरील मरियामाता कोणत्या देशीची दिसते, हे वाचकांनी एकदा अवश्य न्याहाळावे.