जाळ्यांची स्वच्छता व निर्जंतुकीकरण

मासेमारीची जाळी वापरानंतर धुणे, वाळविणे व रोगजंतूंपासून मुक्त करणे या क्रियांचा यात समावेश होतो. आरंभी या क्रियांचा हेतू जाळे टिकविणे एवढाच होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाळ्याचा धागा बदलला व माशांचे नवे रोग पसरले. तेव्हापासून मासे वाचविणे हा त्यांचा मुख्य हेतू ठरला. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडसारख्या तलावांच्या प्रदेशात या बदलाला विशेष महत्त्व आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी : नागभीड व त्याच्या शेजारच्या सिंदेवाही, ब्रह्मपुरी या तालुक्यांत भातशेतीसाठी बांधलेले अनेक तलाव आहेत. घोडाझरी हा नागभीड तालुक्यातील मोठा तलाव होय. या तलावांतील मासेमारी प्रामुख्याने ढीवर समाज करीत आला आहे. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर मालगुजारी तलाव शासनाकडे गेले आणि कालांतराने मच्छीमार सहकारी संस्था ठेक्याने मासेमारी करू लागल्या. माशांचे बीज, भांडी व जाळी एका तलावातून दुसऱ्या तलावात नेली जातात. त्यांबरोबर रोगही जाऊ शकतो.

सुती जाळ्यांचा काळ : पूर्वी जाळी सूत, ताग यांसारख्या वनस्पतिज धाग्यांची असत. या धाग्यांतील सेल्युलोज पाण्यातील जंतू व कवके कुजवितात. उष्ण प्रदेशात संस्कार न केलेले सुती जाळे थोड्याच आठवड्यांत दुबळे होते. म्हणून जाळे रोज धुऊन वाळत घालणे हा मासेमाराच्या दिनक्रमाचा भाग असे. टॅनिनयुक्त सालींच्या काढ्यात जाळी उकळण्याची रीतही अनेक ठिकाणी होती. बंगालमध्ये टेंभुर्णीच्या कुलातील गाब या फळाचा रस त्यासाठी वापरीत. डांबर व मोरचूद यांचाही उपयोग होई.

नायलॉनचे आगमन : नायलॉनचा शोध १९३५ मध्ये अमेरिकेत लागला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची जाळी प्रचारात आली. भारतात त्यांच्या प्रसाराला १९५७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रविज्ञान संस्थेच्या संशोधनाचे साहाय्य झाले. नायलॉन कुजत नाही. उलट प्रखर उन्हाने त्याचे बळ घटते. त्यामुळे जाळे रोज वाळविण्याचे जुने कारण उरले नाही.

रोगाचा प्रादुर्भाव : माशांच्या अंगावर खोल व्रण पाडणारा साथीचा रोग प्रथम १९७१ मध्ये जपानमध्ये आढळला. आग्नेय आशियातून पसरत तो १९८८ मध्ये ईशान्य भारतात पोहोचला व पुढील काही वर्षांत देशाच्या बहुतेक भागांत गेला. ॲफॅनोमायसीस इनव्हॅडन्स हा कवकसदृश सूक्ष्मजीव त्याचे कारण असून मरळ जातीचे मासे त्याला सहज बळी पडतात. पावसाळ्यानंतर पाणी थंड होऊ लागले की रोग बळावतो. या जीवाची कोशावस्थेतील बीजुके प्रयोगशाळेत पाण्यात निदान १९ दिवस जिवंत राहिल्याचे आढळले आहे. त्यामुळे ओले जाळे रोगाचे वाहक ठरू शकते.

पद्धती : प्रथम चिखल, शेवाळ व खवले धुऊन काढावी लागतात, कारण सेंद्रिय मळामुळे क्लोरिनाची शक्ती खर्ची पडते. नंतर जाळे विरंजक चूर्णाच्या (ब्लीचिंग पावडरीच्या) द्रावात बुडवून ठेवतात, स्वच्छ पाण्याने खळबळून काढतात व पूर्ण वाळवितात. क्लोरीन माशांना घातक असल्याने हे पाणी तलावात सोडू नये. नायलॉनची जाळी वाऱ्यावर, सावलीत वाळविणे श्रेयस्कर. मात्र ती गाठींपर्यंत कोरडी झाली पाहिजेत. प्रत्येक तलावासाठी वेगळे जाळे ठेवणे हा अधिक सुरक्षित, पण खर्चिक उपाय आहे.

पाणबुड्यांच्या साधनांनाही हाच क्रम लागू पडतो. कूस्तो व गान्यां यांनी १९४३ मध्ये स्वयंपूर्ण श्वसनयंत्र सिद्ध केले. समुद्रातील वापरानंतर ते गोड्या पाण्याने धुतात, ते प्रामुख्याने क्षारांपासून ते जपण्यासाठी. एकच मुखनळी अनेकांनी वापरल्यास संसर्गाचा धोका असतो. २०२० च्या कोव्हिड साथीत तिच्या निर्जंतुकीकरणाकडे जगभर नव्याने लक्ष वेधले गेले. साधन जपण्यासाठी रूढ झालेली स्वच्छता तेथेही पुढे जीव जपण्यासाठी आवश्यक ठरली.