चार कैच्या

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पाटण तालुक्यातली दगडमातीची घरं ढासळली. आमची मागची भिंत बाहेरच्या अंगाला कलंडली, पण छप्पर लाकडी खांबांवर होतं, ते तसंच तरंगत राहिलं. म्हणून आम्ही वाचलो. आई सांगायची, अंथरुणातनं चांदण्या दिसत होत्या अन् डोक्यावर कौलं पण होती.

पुढं आठ-नऊ वर्षं पत्र्याच्या खोपटात काढली. 1976 ला मी दहावी दिली अन् त्याच उन्हाळ्यात दादांनी घर बांधायला काढलं. जुन्या घरात आढं मधल्या खांबांवर टेकलेलं असायचं. दादांना मधे खांब नको होते, भाताची रास घालायला मोकळी जागा पाहिजे होती. म्हणून चार कैच्या ठरल्या. दोन तिरपी लाकडं वर जुळवायची, त्यांचे पाय बाहेर सरकू नयेत म्हणून खाली आडवी तुळई, मधे एक उभं लाकूड अन् दोन टेकू. कौलांचा भार आला की तुळई ताणली जाते, भिंतीला बाहेर रेटा बसत नाही. भूकंप बघितलेल्या माणसाला हे लगेच पटतं.

सुतारनाना मला जोडकाम दाखवायचे. म्हणायचे, "पोरा, सूप कडेवर उभं करून सोड बघू." सूप लगेच आडवं पडायचं. कैचीचं तसंच. वरून कितीही भार घाला, सोसते. बाजूनं फुंकर मारली तरी जाते. चारी कैच्या आडव्या लाकडांनी एकमेकींत गुंतल्या की मग भीती नाही. भीती असते ती मधल्या दोन-तीन दिवसांत. म्हणून नानांचा रिवाज होता. पहिली कैची दोन्ही अंगांनी टेकवायची, दुसरी उभी केली की तिरप्या रिपा ठोकून पहिलीला जखडायची, मगच दोर सोडायचा. जखडल्याशिवाय कुणी वर बसायचं नाही अन् खाली तर उभंच राहायचं नाही.

रिपा सागवानी होत्या. दादांनी त्या वर्षभर जपून ठेवल्या होत्या. "आत्ता खिळे मारून भोकं पाडायची अन् परत उपसायचे? दोर हाय की," दादा म्हणाले. नाना एकदा बोलले, दुसऱ्यांदा गप्प बसले. त्यांचं बलुतं आमच्या खळ्यावरनं जायचं. मालकापुढं सुतार किती बोलणार?

पहिल्या दोन कैच्यांचे दोर परड्यातल्या आंब्याला बांधले. तिसरी उभी केली, तिचा दोर उलट्या अंगाला माझ्या हातात. दुसरीच्या टोकावर नानांचा धाकटा भाऊ बसला होता, आडवं लाकूड घ्यायला. दुपारी वळवाचा वारा सुटला. अंगणातल्या कुरडया उडाल्या, आईनं हाक मारली अन् मी मान वळवली. दोर ढिला पडला, एवढंच.

तिसरी दुसरीवर गेली, दुसरी पहिलीवर. आंब्याचे दोर नुसते लोंबले. दोर एकाच अंगाला ओढतो, हे तेव्हा कळलं. तो माणूस भिंतीच्या माथ्यावर आदळून आत पडला. ओरडला नाही. घोंगडीची झोळी करून आम्ही त्याला सडकेपर्यंत नेलं. कमरेचं हाड मोडलं होतं. जीव वाचला, पण पुढं आयुष्यभर लंगडत चालला अन् कधी शिडीवर चढला नाही. जमिनीवर बसून नांगर, कुळव भरायचा. दादांनी दोन पोती भात पाठवलं. त्याच्या बायकोनं ते घेतलं, पण तिनं पोत्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

कामगाराला भरपाई देण्याचा कायदा 1923 चा होता. पण स्वतःच्या धंद्यासाठी नव्हे, तर सटीसहामाशी कामाला लावलेला माणूस त्या वेळी त्यात बसत नव्हता, असं मला पुढं एका वकील पाहुण्यांनी सांगितलं. 1996 साली बांधकाम कामगारांसाठी नवा कायदा आला. त्यातही स्वतःचं राहतं घर दहा लाखांच्या आत बांधणारा मालक बाहेर ठेवला होता. गावातली बहुतेक घरं असलीच! पट्टा, जाळी, परांची हे शहरातल्या मोठ्या कामावर दिसतं. आमच्याकडं अजून वाशावर अनवाणी पाय अन् तोंडात खिळे.

दुसऱ्या दिवशी नाना एकटे आले. काही न बोलता त्यांनी रिपांची मोळी सोडली अन् चारही कैच्या रिवाजाप्रमाणं जखडून उभ्या केल्या. दादा ओट्यावर बसून होते. त्यांनी हूं का चूं केलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मुलानं कौलं उतरवली, पत्रा घालायचा म्हणून. रिपा खाली आल्या तेव्हा मी एकेक हातात घेऊन बघितली. नऊ रिपांना जादा भोकं होती. लाकूड कुठंच चिरलेलं नव्हतं.