सहाय्यक साधन घ्या, संकोच सोडा: राष्ट्रीय वयोश्री व एडिप योजनेतून योग्य साधन कसे निवडावे

काठी, वॉकर, श्रवणयंत्र किंवा व्हीलचेअर शासनाकडून मिळते, पण अनेक घरांत ती कोपऱ्यात किंवा कपाटात पडून राहते. कधी साधन मापाचे नसते. कधी "लोक काय म्हणतील" या विचाराने ते वापरले जात नाही. साधन तुमच्या मापाचे आणि राहणीला साजेसे असावे, यासाठी तपासणीच्या वेळी काय सांगावे व काय पाहावे, याची माहिती येथे दिली आहे.

कोणत्या योजनेतून साधन मिळते?

राष्ट्रीय वयोश्री योजना (सुरुवात: १ एप्रिल २०१७)
• वय ६० वर्षे किंवा अधिक.
• दारिद्र्यरेषेखालील कुटुंब किंवा मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत.
• वयामुळे दृष्टी, श्रवण, चालणे किंवा दात यांबाबत अडचण असावी.
• साधने मोफत मिळतात: काठी, कुबड्या, वॉकर, तीन किंवा चार पायांची काठी, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, चष्मा, कवळी, कमोड असलेली खुर्ची, गुडघ्याचा व कमरेचा पट्टा इत्यादी.
• एकाहून अधिक अडचणी असल्यास एकाहून अधिक साधने मिळू शकतात.

एडिप योजना
• वयाची अट नाही. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आवश्यक.
• मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास, योजनेतील कमाल मर्यादेत, साधनाचा पूर्ण खर्च शासन करते. २२,५०१ ते ३०,००० रुपये असल्यास निम्मा खर्च मिळतो.

महाराष्ट्रातील ६५ वर्षांवरील पात्र नागरिकांसाठी राज्य शासनाची मुख्यमंत्री वयोश्री योजना वेगळी आहे. तीत साधन खरेदीसाठी ३,००० रुपये एकदाच थेट बँक खात्यात जमा होतात.

संकोच का वाटतो?

चष्मा हेही सहाय्यक साधनच आहे, पण चष्मा लावायला कोणी लाजत नाही. कानात यंत्र घातले की मात्र "बहिरा" आणि हातात काठी आली की "म्हातारा" असा शिक्का बसेल, अशी भीती वाटते. या भीतीपोटी माणूस आधी देवळात जाणे सोडतो, मग लग्नकार्याला जाणे टाळतो आणि शेवटी घरातच बसतो. काठी न घेता पडल्यास खुब्याचे हाड मोडू शकते. ऐकू न आल्याने माणूस बोलण्यातून तुटतो.

दोष नेहमी वापरणाऱ्याचाच असतो असे नाही. पूर्वीचे परदेशी पद्धतीचे कृत्रिम पाऊल बूट घालणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी बनवलेले होते. आपल्याकडे उकिडवे बसावे लागते, मांडी घालावी लागते, शेतात अनवाणी चालावे लागते. हे ओळखून १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी "जयपूर फूट" घडवला. तो खऱ्या पावलासारखा दिसतो, अनवाणी चालतो आणि चिखलातही टिकतो. तुमच्या राहणीला साजेसे साधन मागणे हा हट्ट नाही.

तपासणीच्या वेळी हे अवश्य सांगा

• घरात संडास भारतीय पद्धतीचा आहे की कमोड? उकिडवे बसता येत नसेल तर कमोड असलेली खुर्ची किंवा स्टूल विचारा.
• दाराची रुंदी किती, उंबरठा आहे का, जिना आहे का? व्हीलचेअर मागण्यापूर्वी दार मोजून या.
• वाट कच्ची आहे का? चार पायांची काठी सपाट जमिनीवर चांगली. अरुंद पायरीवर तिचे सगळे पाय टेकत नाहीत.
• यंत्राची बटणे किंवा सेल बोटांनी हाताळता येतात का? तेथेच करून पाहा.

साधन हातात आल्यावर

• काठी: हात सरळ खाली सोडून उभे राहा. मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरा. खालचे रबरी बूच झिजले की बदला.
• श्रवणयंत्र: सुरुवातीला भांड्यांचा व पंख्याचा आवाज मोठा वाटतो. सवय व्हायला काही आठवडे लागतात. आधी शांत खोलीत, रोज थोडा वेळ वापरा.
• व्हीलचेअर: पाय पायटीवर नीट टेकावेत. ब्रेक लावून मगच उठा-बसा.

कुटुंबीयांसाठी

पाहुणे आले की काठी किंवा व्हीलचेअर आत ठेवू नका. साधनाबद्दल आजी-आजोबांच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका. त्यांनाच बोलू द्या. श्रवणयंत्र लावलेल्या व्यक्तीशी ओरडून नव्हे, समोर बसून सावकाश बोला.

अर्ज कसा करावा?

१. जिल्हा समाजकल्याण कार्यालयात तपासणी शिबिराची तारीख विचारा. जवळ प्रधानमंत्री दिव्याशा केंद्र असल्यास तेथेही तपासणी होते.
२. आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका आणि छायाचित्र न्या. एडिपसाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्रही लागते.
३. तपासणीनंतर साधन मंजूर होते व वाटप शिबिरात दिले जाते. तेथेच घालून, चालून पाहा.

नेहमीचे प्रश्न

साधन बिघडले तर? राष्ट्रीय वयोश्री योजनेत अलिम्को ही शासकीय संस्था एक वर्ष मोफत देखभाल करते. वाटपाच्या वेळची पावती जपून ठेवा.

एडिपमधून पुन्हा साधन मिळते का? साधारणपणे तीन वर्षांनंतर. १२ वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्ष आहे, कारण वाढत्या वयात माप बदलते.

मदत कोठे मिळेल? ज्येष्ठ नागरिकांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ (एल्डरलाइन) निःशुल्क आहे.