आंबोलीच्या जंगलातला रेडिओ दोन भाषांत का बोलला?

कोल्हापूरहून आजऱ्यामार्गे गोव्याला जाताना आंबोली लागते. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी तिथल्या जंगलातून गोवामुक्तीचे गुप्त रेडिओ केंद्र सुरू झाले. पुढे ते कॅसलरॉकला हलले. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई ते पोर्तुगीज व कोंकणीत चालवत. पोर्तुगीज ही राज्यकारभाराची भाषा, कोंकणी घरादाराची. सत्तेचा प्रचार तिच्याच भाषेत खोडायचा आणि लोकांना लोकांच्या भाषेत जागे करायचे, ही दुहेरी लढाई डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत चालली.

बाबासाहेबांनीही आधी हेच केले होते. १९२० साली ‘मूकनायक’ मराठीत, १९२८ साली सायमन कमिशनला निवेदन इंग्रजीत.

मित्रांनो, आपण इंग्रजीत पोस्ट टाकतो. पण वस्तीतल्या आयाबायांना कळेल असे किती बोलतो? एक भाषा सोडली, की अर्धी लढाई सोडली.

जय भीम!